पाच नंबरची बाटली

४ जून

ती. काका,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. मी आजारी नाही, लग्नही ठरलेलं नाही. तुमच्या नाकाशी काम आहे.

तुम्ही दर वेळी विचारता, "चिमटे, त्या सरकारी संस्थेत तू नक्की करतेस काय?" आणि मी "संशोधन" म्हटलं की काकूकडे बघून भुवया उडवता. तर आता ऐकाच. आमच्या मजल्यावर पाच खोल्या आहेत. पहिलीत छत थंड ठेवणारा रंग बनतोय. दुसरीत स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारी वीट. तिसरीत कापडातून वीज काढायचं चाललंय, तिथला माणूस दिवसभर एक जाडजूड कोट घालून जिने चढतो-उतरतो. चौथीत काय चालतं ते चौथीवाल्यांनाही माहीत नसावं. आणि पाचव्या खोलीत मी आणि माझं कृत्रिम नाक.

साबणाच्या डबीएवढं यंत्र आहे. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्ट्या आहेत. हवा आत ओढली की प्रत्येक पट्टी कमीजास्त फुगते, आणि कुठली किती फुगली यावरून यंत्र वास ओळखतं. पिठाच्या कोठारांसाठी आहे हे. पोत्यांच्या पोटात पीठ बिघडायला लागलं की माणसाला कळेपर्यंत अर्धं कोठार हातचं गेलेलं असतं. यंत्राला आधीच कळेल. अडचण एकच. त्याला वास येतो, पण त्या वासाला काय म्हणायचं ते येत नाही. बाळाला बोलायला शिकवतात तसं कुणीतरी शिकवावं लागतं. संस्थेनं त्यासाठी आठ जणांचं मंडळ नेमलं होतं. आठही जणांनी प्रत्येक बाटलीपुढे "मध्यम" लिहिलं. मी डोक्याला हात लावला.

म्हणून मी बाईंना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, तुमच्याबद्दल सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून "तिसऱ्या रांगेतला कोपऱ्यातला पाव काढा" म्हणून ओरडणारा माझा बेकरीवाला काका. मी दप्तरात मांजराचं पिल्लू लपवून आणलं होतं तेव्हा तुम्ही मागे वळूनही न बघता "आधी त्याला दूध दे" म्हणाला होतात, ते मी बाईंना साभिनय करून दाखवलं. बाई हसल्या. बाई सहसा हसत नाहीत.

सोबतच्या खोक्यात पाच बाटल्या आहेत. काळ्या कागदात गुंडाळल्यात, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि काय वाटलं ते तुमच्या शब्दांत लिहायचं. आकडे नकोत. पुढे यंत्राच्या छोट्या पडद्यावर तुमचेच शब्द उमटणार आहेत. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. आणि याबद्दल फोनही करायचा नाही, माझ्या आवाजावरून तुम्हाला उत्तर कळेल असं बाईंचं म्हणणं. म्हणून पत्रं, तीही खोक्यातूनच.

ऑगस्टअखेर समिती येणार आहे. यंत्र पसंत पडलं तर पाचवी खोली माझीच राहील. नाहीतर मला पहिल्या खोलीत रंग ढवळायला बसवणार आहेत. आता सगळं तुमच्या नाकावर.

कळावे, लोभ असावा आणि बाटल्या फुटू नयेत.

तुमची चिमटी

१२ जून

चि. चिमटे,

आशीर्वाद. खोकं मिळालं. पोस्टमननं उलटं आणून दिलं, तरी बाटल्या शाबूत आहेत.

मला वेळ नाही हे आधी सांगतो. पहाटेपासून भट्टी, मग दुकान, मग दुसऱ्या दिवशीचं पीठ. पण तुझ्या काकूनं पत्र आधी वाचलं आणि मी नाही म्हणायच्या आत हो म्हणून टाकलं. शिवणवर्ग घेणाऱ्या बायकांना मापं घ्यायची सवय असते, नवऱ्याचंही मत त्या मापातच घेतात.

तुझ्या सूचना वाचल्या. "झाकण उघडून नाक जवळ न्यावे." मला शिकवतेस? अनुभवी नाकाला एवढं जवळ जावं लागत नाही. काकूला बाहेर घालवलं, खिडकी लावली आणि एकट्यानं बसून काम केलं. घे.

एक: बरा. दोन: बरा, पण पहिल्यापेक्षा कमी. तीन: सौम्य, गोडसर, लहान मुलांना आवडेल. चार: काहीतरी जुनाट आहे, बरेच दिवस साठवलेलं. पाच: ठीक.

एवढ्यात तुझं यंत्र शिकलं पाहिजे. पुढचं खोकं पाठवायची घाई करू नकोस.

काका

२० जून

ती. काका,

तीन नंबरच्या बाटलीत नुसतं व्हिनेगर होतं!

ती बाटली भरताना पार तिकडच्या विटेच्या खोलीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या, एक जण शिंकत खाली गेला तो जेवूनच वर आला. आणि तुम्ही म्हणता, "लहान मुलांना आवडेल"! चार नंबरची बाटली तर रिकामी होती, धुऊन, वाळवून ठेवलेली. त्यात तुम्हाला जुनाट साठवण सापडली. मी वाचताना इतकी हसले की कोटवाला माणूस जिन्यात थांबून बघायला लागला.

कळलं हो मला. आम्ही तुमची परीक्षा घेतोय म्हटल्यावर तुम्ही उलट आमचीच घेतलीत. चिमटी जागी आहे की नाही बघत होता. आहे जागी. पण बाईंना विनोद कळत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हेच का ते नाक?" मला फार वाईट वाटलं. एकदा तरी मनापासून करा ना, काका. माझ्यासाठी. दुसरं खोकं पाठवतेय.

चिमटी

२ जुलै

चि. चिमटे,

अर्थातच परीक्षा घेत होतो. पास झालीस. आता गंमत पुरे.

एक: ओली छत्री दाराआड विसरली आणि चार दिवसांनी आठवली. वाईट. दोन: लोकरीचे कपडे ठेवलेली पेटी वर्षानं उघडली. लोकर जुनी, पेटी त्याहून जुनी. पीठ असेल तर अजून आठवडाभर चालेल, पुढे नाही. तीन: शाळेचं दप्तर, तळाशी सफरचंद राहून गेलेलं. टाकून द्या. चार: काही नाही. बाटली रिकामी आहे, लोकांना उगाच कामाला लावू नये. पाच: घरी आल्यावर माझ्या शर्टाला येतो तो वास. उत्तम.

आता तुझ्या बाईंना म्हणावं, चष्मा घाला.

काका

९ जुलै

ती. काका,

बाईंनी चष्मा घातला! दोनदा वाचलं, मग कागद हातात घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिथे पुन्हा वाचलं. दोन नंबरचं पीठ खरंच आठवड्यानं बिघडणारं होतं. आमच्या तपासणीत तेच आलं होतं. सफरचंद तर अगदी जसंच्या तसं, बुरशीचा तोच प्रकार सडक्या फळावर असतो. आणि पाच नंबरमध्ये भट्टीतून काढल्या काढल्या भरलेली ताज्या पावाची हवा होती.

तुम्ही एवढे कवी कधीपासून झालात? लहानपणापासून तुमच्या तोंडून "बरा", "वाईट" आणि "फेक ते" याखेरीज कुठल्या वासाबद्दल काही ऐकल्याचं आठवत नाही. वय झालं की माणूस मोकळा होतो म्हणतात ते खरं असावं. यंत्र तर हे शब्द अधाशासारखं गिळतंय. "मध्यम"वर अडून बसलेलं पोर बोलायला लागलंय. आणखी तीन खोकी एकदमच पाठवतेय.

आता मुख्य बातमी. समितीपुढे प्रात्यक्षिक बावीस ऑगस्टला. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला खुर्चीत तुम्ही. प्रत्येक बाटली आधी तुम्हाला, मग यंत्राला. दोघांचं जमलं की झालं. तुम्ही आलात तरच हे होणार, समितीची तशी अटच आहे. संस्थेच्या मासिकात तुमचा फोटो येईल, आणि बाई म्हणतात यंत्राचं नावच "काका" ठेवू. विचार करा, देशभरच्या कोठारांत भिंतीभिंतीवर काका!

नवा शर्ट शिवून घ्या. घरात शिंपीण आहेच.

चिमटी

१८ जुलै

चि. चिमटे,

तिन्ही खोक्यांची उत्तरं सोबत आहेत.

बावीस तारखेचं मात्र जमेलसं दिसत नाही. एक तर भट्टीच्या आतल्या विटा ढिल्या झाल्यात, त्या ऑगस्टमध्येच बसवायच्या आहेत. तुमच्या दुसऱ्या खोलीतली स्वतःला दुरुस्त करणारी वीट तयार झाली असती तर आलो असतो. शिवाय गुडघा. शिवाय प्रवासात मला झोप लागत नाही आणि न झोपलेलं नाक काही कामाचं नसतं, हे तुमच्या शास्त्रातही असेल. शिवाय त्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाईकाची ऑर्डर आहे. कुणाची ते आत्ता आठवत नाही.

समितीला सांग, पत्रावर भागवा. फोटो जुना पाठवतो, त्यात केस जास्त आहेत.

काका

२४ जुलै

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी उघडू नकोस.

काकांचं पत्र आलं. एका माणसाला एका दिवशी एवढ्या अडचणी येत नाहीत. विटा, गुडघा, झोप आणि नाव न आठवणारं गिऱ्हाईक! मी पत्र बाजूला ठेवलं आणि त्यांची आधीची उत्तरं पुन्हा काढून बसले. आणि मग पाच नंबरच्या बाटलीपाशी अडकले.

"घरी आल्यावर माझ्या शर्टाला येतो तो वास."

काकू, आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात की जो वास सतत अंगाला चिकटलेला असतो तो आपल्या नाकाला कळेनासा होतो. जन्मभर भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या शर्टाचा वास येणं शक्य नाही. तो येतो दार उघडणाऱ्याला. तुमच्या घराचं दार तू उघडतेस.

लोकरीची पेटी तुझी. छत्री तर काका वापरतच नाहीत. मीच मूर्ख, कवी कवी म्हणून नाचत बसले. बाटल्या कोण हुंगतंय, काकू? आणि काका का नाही हुंगत?

रागावले नाहीये. घाबरलेय.

चिमटी

३० जुलै

चिमटे,

पकडलंस. मी त्यांना म्हटलं होतं, शर्टाचं लिहू नका. म्हणाले, "तू बोललीस ते जसंच्या तसं गेलं पाहिजे, नाहीतर यंत्र चुकीचं शिकेल." म्हणून "ह्यांच्या"चं तेवढं "माझ्या" केलं आणि तिथेच फसले.

ह्यांचं नाक गेलंय गं. हिवाळ्यात ताप आला होता तो तुला आठवत असेल. तापातून उठल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून शेजारी गेले आणि बोलत बसले. परत येते तो पातेलं जळून कोळसा, आणि हे तिथेच टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसलेले. मला बघून म्हणतात, "काय झालं?" मी पातेल्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा दोघांनाही कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही.

तेव्हापासून घड्याळ लावून पाव काढतात. बेकरीत कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणतात, "नाक नसलेल्या बेकरीवाल्याचा पाव कोण घेईल? डोळे नसलेल्या शिंप्याकडे कपडे टाकशील तू?"

पहिल्या खोक्याच्या वेळी मला खोलीबाहेर घालवून स्वतःच ठोकून दिलं होतं. तुझं व्हिनेगरचं पत्र आलं तेव्हा आधी हसले आणि मग कितीतरी वेळ गच्चीवर जाऊन बसले. खाली आले ते बाटल्या घेऊनच. माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "चिमटीची खोली जाईल." बस, एवढंच. स्वतःच्या नाकासाठी त्यांनी माझी मदत घेतली नसती, तुझ्या खोलीसाठी घेतली.

आता दर खोक्याला आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसतो. मी हुंगते, हे लिहितात. आणि खोदून खोदून विचारतात, "लोकर म्हणजे नवी की जुनी? पेटी लाकडाची की पत्र्याची? मग? अजून काय?" मला वाटायचं तुझ्या यंत्रासाठी एवढी चौकशी. मग लक्षात आलं, तेवढा वेळ त्यांनाही वास येत असतो. बाटल्या संपल्या की चेहरा उतरतो. परवा मला म्हणाले, आज भाजीचाही सांग.

तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. समितीपुढे उघडे पडले तर खचतील. पण तुझी खोलीही जायला नको. तू शास्त्रज्ञ ना? काढ काहीतरी युक्ती.

काकू

५ ऑगस्ट

ती. काका,

विटा बसल्या का? गुडघ्याला शेक चालू असेलच. तुमच्या अडचणी मी बाईंना कळवल्या. बाईंनी भट्टीबद्दल सहानुभूती व्यक्त केली.

दरम्यान प्रात्यक्षिकाचा एक नवा नियम निघालाय. तपासणाऱ्यानं बाटलीला हात लावायचा नाही, हाताचा वास मिसळतो म्हणून. त्यासाठी त्यानं आपला एक मदतनीस सोबत आणायचा. मदतनीस झाकण उघडणार, बाटली नीट आहे का ते आधी स्वतः हुंगून बघणार, मग तपासणाऱ्यापुढे धरणार. दोघांनी आपसांत हळू बोललेलं चालेल. मदतनीस शक्यतो घरचाच असावा, असंही नियमात आहे.

मला आपलं सहज सुचलं, काकू मोकळी असेल तर?

चिमटी

११ ऑगस्ट

चि. चिमटे,

हा नियम ज्यानं केला तो माणूस शहाणा दिसतो. हाताचा वास मिसळतो हे मी कधीचा म्हणत होतो.

आम्ही येतो. गुडघा अचानक बरा झाला. तुझी काकू तशी कामात आहे, पण मी समजावलं. समजावण्याआधीच तिनं बॅग भरलेली होती, ते सोड.

एक मात्र सांगतो. यंत्राला माझं नाव नको. फोटोचंही बघू. काल रात्रीपासून ते काही बरं वाटत नाहीये. एवढं सगळं माझंच कशाला?

नवा शर्ट झाला आहे. कॉलर घट्ट आहे, पण शिंपिणीपुढे बोलायची सोय नाही.

काका

२९ ऑगस्ट

चि. चिमटे,

सुखरूप पोहोचलो. स्टेशनवर तुझ्याशी धड बोललो नाही, तू रडत होतीस आणि मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. म्हणून आता लिहितो. काय झालं ते तू बघितलंस. का झालं ते ऐक.

पहिल्या तीन बाटल्या झक्क गेल्या. काकूनं झाकण उघडायचं, हुंगायचं, माझ्या कानाशी पुटपुटायचं आणि मी खड्या आवाजात समितीला सांगायचं. यंत्राच्या पडद्यावर तेच यायचं आणि सगळे माना डोलवायचे. मी चांगला रंगात आलो होतो. खोटं का बोलू, मजा येत होती.

मग चौथ्या बाटलीला ते टोकाला बसलेले उंच गृहस्थ काकूला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला होता का? तुमच्यामुळे काका दिसत नाहीत." फोटोवाला पुढे आला होता ना. आणि तुझी काकू खरंच बाजूला झाली. पदरानं हात पुसले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून हसलीही, म्हणजे चालू दे, मी इथेच आहे.

चिमटे, आठ महिने मी एकाच गोष्टीला भीत होतो, की माझं नाक गेलेलं लोकांना कळेल. त्या क्षणाला दुसरीच भीती वाटली. की कुणालाच कळणार नाही, आणि हिची मेहनत माझ्या नावानं भिंतीभिंतीवर लागेल. मग उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. तू सांगितलंस तेच खरं असेल, "नाक हिचं आहे, माझं फक्त अक्षर आहे." गुडघे लटपटत होते एवढं आठवतं. या वेळी खरोखरचे.

तुझी खोली जर माझ्यामुळे गेली असेल तर मला सरळ कळव. तुला आधीच कळलं होतं आणि तो शहाणा नियम तूच काढला होतास हे काकूनं गाडीत सांगितलं. मी दोन स्टेशनं तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्याला तिनं डबा उघडला आणि मला विचारलं, "आत काय आहे, सांगू का?" मग बोललो.

बेकरीत आल्यावर भट्टीवरच्या दोघाही कारागिरांना समोर बसवून सांगितलं. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हिवाळ्यापासून माहीत होतं! पाव करपायला आला की दोघांपैकी एक जण मुद्दाम खोकायचा. मला वाटत होतं धुरानं खोकतात. मी त्यांना आल्याच्या गोळ्या आणून देत होतो.

तुझा काका

१० सप्टेंबर

ती. काका,

खोली माझीच राहिली! आधी हे वाचा, मग बसा, मग पुढचं.

निकालाला उशीर झाला कारण समितीत दोन दिवस वाद झाला. त्या उंच गृहस्थांचं म्हणणं होतं की तपासणाराच खोटा निघाल्यावर सगळं शिकवणं रद्द करावं. बाईंनी विचारलं, खोटं काय होतं? नाव खोटं होतं, वास खरा होता. मग तुमच्या घरी पाठवलेल्या खोक्यांत कुणाला न सांगता किती बाटल्या दोन-दोनदा घातल्या होत्या ते त्यांनी दाखवलं. काकूनं प्रत्येक जुळी बाटली ओळखली होती. दोन ठिकाणी "ही मागेही पाठवली होतीत" असं बजावलंही होतं. वाद तिथेच मिटला. नोंदीत तुमच्या जागी काकूचं नाव लागलं आणि यंत्र पसंत पडलं.

मला मात्र बाईंनी बंद दाराआड चांगलंच झापलं. नियम बनवायचा अधिकार मला कुणी दिला म्हणून. मी खाली मान घालून ऐकलं. चूक होतीच, मला तुमचं बघवत नव्हतं एवढंच खरं. शिक्षा म्हणून महिनाभर पहिल्या खोलीत रंग ढवळायचा आहे. अर्धा दिवस रंग, अर्धा दिवस नाक. ढवळेन.

समितीनं सांगितलंय की यंत्र कोठारात जाण्याआधी प्रत्यक्ष कामाच्या जागी चालवून बघा. मी जागा सुचवली. सोबत पहिलं यंत्र पाठवतेय. भट्टीच्या दारापासून हातभर लांब, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. रोज सकाळी एकदा मोकळ्या हवेत धरायचं, म्हणजे त्याचं नाक स्वच्छ होतं. वाक्यं सगळी काकूचीच आहेत. एका ठिकाणी तुम्ही केलेला बदल मी काढून टाकला आणि मूळचा शब्द परत बसवला.

यंत्राचं नाव "काका" ठेवायचं रद्द झालं. "काकू" ठेवायला काकूनं नकार दिला. म्हणाली, भिंतीवर टांगून घ्यायला मी मोकळी नाही.

चिमटी

२५ सप्टेंबर

चि. चिमटे,

यंत्र टांगलं. पहिले दोन दिवस ते "ओली छत्री" म्हणून कोकलत होतं. शोधलं तर मागच्या बाजूला पिठाची दोन पोती भिंतीला टेकून दमट झाली होती. ती बाजूला काढली. म्हणजे घरात एक काकू, बेकरीत दुसरी. माझी काही सुटका नाही.

पण पत्र त्यासाठी नाही.

आज सकाळी पहिला घाणा निघाला. कुणी खोकलं नाही, आता त्यांना मनाई आहे. मी लांब दांड्याचं फावडं घेऊन पाव ओढत होतो आणि सवयीनं वर बघितलं. पडद्यावर अक्षरं आली होती. "घरी आल्यावर ह्यांच्या शर्टाला येतो तो वास. उत्तम."

मी फावडं तिथेच टेकवलं. हे वाक्य मीच लिहून घेतलं होतं गं. पण तेव्हा मी शब्द बदलण्याच्या गडबडीत होतो, ऐकलंच नव्हतं. मला इतके महिने वाटत होतं की वास गेला म्हणजे माझं सगळं गेलं. पहाटे उठायचं, पाव काढायचा आणि आपल्यालाच काही कळायचं नाही. फार एकटं वाटायचं, आज सांगतो. आणि इतकी वर्षं तो वास मी रोज संध्याकाळी शर्टावरून घरी नेत होतो, आणि दार उघडणारी तो घेत होती, ठेवून देत होती. मला कधी आलाच नसता तो. नाक शाबूत असतं तरी.

कारागिरांना सांगितलं, जरा जाऊन येतो. यंत्र खुंटीवरून काढलं, खिशात टाकलं आणि भर कामाच्या वेळी घरी गेलो. काकूनं दार उघडलं. शिवणाची टेप गळ्यात, तोंडात टाचण्या. मी यंत्र शर्टाशी धरलं आणि पडदा तिच्याकडे केला.

तिनं वाचलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"मग?" म्हणाली, "यात नवीन काय आहे? रोजच येतो."

मग ती म्हणाली, यंत्र चांगलं आहे पण पीठ लागलेले बूट घेऊन आत येऊ नका. आता मी बेकरीत परत आलोय आणि हे लिहितोय. आजचा शर्ट धुवायला टाकू नकोस असं तिला सांगून आलोय. ती टाकणार आहे.

काका